‘मास्टर सचिन’ ते दिग्दर्शक सचिन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या वर्धापनदिनाला मी मागे भांड्यांपाशी होते आणि तेथेच मला बरे वाटत होते. यंदा चिटणीसबाईंनी मला पुढे ओढले आहे. कारण तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. आमचा धाकटा गेल्या दिवाळीच्या आधी तीन दिवस शूटिंगला जाऊन आला, आणि तेव्हापासून नळावर, गिरणीत, एस. टी.च्या थांब्यावर मला एकच विचारणा होते : “काय हो, मुलाला सिनेमात घालायचे म्हणजे काय करावे लागते?” मंडळातल्या चौघींनी तर त्या माणसाचा फोन नंबर मागितला. मी दिला नाही, म्हणून एकीला राग आला आहे. ती समोरच बसली आहे. तिने रागावू नये. का दिला नाही, तेच मी आज सांगणार आहे.

पण नुसते घरचे गाऱ्हाणे सांगत बसणे बरे दिसत नाही. म्हणून ज्याचे नाव घराघरात ठाऊक आहे अशा एका मुलाची हकीकत आधी सांगते. तो मुलगा म्हणजे सचिन पिळगावकर. तुम्ही म्हणाल, तो कसला मुलगा, तो तर आजोबा शोभेल अशा वयाचा गृहस्थ! खरे आहे. त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९५७ चा. पण आपल्या सासवांनी त्यांना पाहिले ते मुलगा म्हणूनच, आणि पडद्यावर नाव येई ते ‘मास्टर सचिन’ असे. त्या काळी बाल नटाला ‘मास्टर’ आणि मुलगी असली तर ‘बेबी’ म्हणण्याची पद्धत होती.

१९६३ साली ‘हा माझा मार्ग एकला’ हा मराठी चित्रपट आला. दिग्दर्शक राजा परांजपे. मुख्य कामही त्यांचेच, आणि बरोबर हा पाच-सहा वर्षांचा पोर. आमच्या आत्याबाईंनी तो चित्रपट पुष्कळ वर्षांनी टीव्हीवर पाहिला आणि पदर डोळ्यांना लावून बसल्या. मी त्यांना म्हटले, “आत्याबाई, खोटे आहे ते सगळे.” त्या म्हणाल्या, “पोराचे डोळे खोटे नाहीत.” मला तेव्हा त्याचे काही वाटले नाही. आता वाटते की, आत्याबाईंना नेमके ठिकाण सापडले होते.

त्याच १९६३ साली आणखी एक मुलगा मराठी पडद्यावर आला. राम गबाले यांच्या ‘छोटा जवान’मधला मास्टर महेश. हे आपले महेश कोठारे, ‘झपाटलेला’वाले, ज्यांच्या तात्या विंचूने आपल्या पोरांना अंधारात मोरीकडे जायची चोरी केली! त्यांचे आईवडील दोघेही नाटकात कामे करणारे. १९६८ साली ‘राजा और रंक’ या हिंदी चित्रपटात त्यांनी राजपुत्र आणि गरिबाचा मुलगा अशी दोन्ही कामे केली. त्यातले आईवरचे गाणे आपण अजून ऐकतो.

म्हणजे एकाच वर्षी मराठीत दोन लहान मुले पडद्यावर आली आणि दोघेही पुढे दिग्दर्शक झाले. सचिन यांनी पहिला चित्रपट दिग्दर्शित केला तो ‘माय बाप’, १९८२ साली. महेश कोठारे यांचा ‘धुमधडाका’ १९८५ चा. मला कुतूहल आहे ते मधल्या वर्षांचे. एकोणीस वर्षे आणि बावीस वर्षे. लहानपणी टाळ्या घेतलेली मुले पुष्कळ असतात. मोठेपणी ती कोठे जातात, कोणाला कळतही नाही. या दोघांचे निराळे काय झाले?

आता थोडे घरचे सांगते, म्हणजे माझा मुद्दा नीट कळेल.

आपल्या भागाला शूटिंग नवीन नाही. चौकजवळ नितीन देसाई यांनी २००५ साली स्टुडिओ उभा केला, तेव्हापासून आपल्याकडची माणसे तेथे सुतारकाम, रंगकाम, पहारा असल्या कामांना जात आली. ‘जोधा अकबर’चा राजवाडा तेथे होता, ‘राजा शिवछत्रपती’ मालिका तेथे झाली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये देसाई तेथेच गेले, तेव्हा आपल्या गावांतही चुली पेटवाव्याशा वाटल्या नाहीत. स्टुडिओशिवाय कर्जतपासून खालापूरपर्यंत मुंबईकरांचे जे बंगले आणि फार्महाऊस झाले आहेत, तेही शूटिंगला भाड्याने देतात. असल्याच एका फार्महाऊसवर एका मालिकेचे काम चालू होते. पोरे कुंपणाला लटकून बघत होती. तेथल्या माणसे पुरवणाऱ्या माणसाने आमच्या धाकट्याला बोट दाखवून आत घेतले. वय नऊ, इयत्ता चौथी. काम एवढेच, की बैलगाडीमागे धावत यायचे आणि पडायचे. आमच्या घरचे म्हणाले, “जाऊ दे, सुट्टी लागणारच आहे.” सुट्टी लागायला अजून चार दिवस होते, तरी मीही मान हलवली. खोटे का बोलू, मलाही हौस आली होती. शेजारणींना सांगायला काहीतरी मिळाले होते.

सकाळी सातला बोलावले. मी डबा घेऊन बरोबर गेले. दुपार झाली, चार वाजले, कोणी आम्हांला विचारीना. आम्ही आंब्याखाली बसून राहिलो. संध्याकाळी त्याला कपडे घातले, तोंडाला माती फासली आणि पुन्हा बसवले. त्याचे धावणे झाले तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. चार वेळा धावला, चार वेळा पडला. चौथ्या वेळी गुडघा खरेच फुटला, आणि तेच त्यांना पसंत पडले. घरी आलो तेव्हा अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काम झाल्यावर पैसे मागितले तर ठरल्याच्या निम्मे हातावर ठेवले आणि उरलेले फोनवर पाठवतो म्हणाले. ते अद्याप यायचे आहेत.

आत्याबाई पहिल्या दिवसापासून बोलत नव्हत्या. तिसऱ्या रात्री मात्र म्हणाल्या, “बये, पोराला कामाला लावलेस की खेळायला नेलेस, एक काय ते ठरव.” मला उत्तर देता आले नाही.

पण एक गोष्ट मी पाहिली, आणि तीच सांगण्यासाठी मी उभी राहिले आहे. त्या तीन दिवसांत मुलाचे काम झाले असेल पंधरा-वीस मिनिटे. बाकी सगळे थांबणे. तेथे दुसरीही दोन मुले होती, ती मोबाईलवर खेळत बसली. आमचा मात्र उठून उठून जाई आणि कॅमेऱ्यामागे उभा राही. दोनदा त्याला हाकलले, तो तिसऱ्यांदा गेला. घरी आल्यावर त्याने मला काय सांगावे? “आई, पाऊस टँकरचा होता. आई, त्या बाई आधी रडल्या आणि मग त्यांना रडायचे कारण घेतले, उलटे. आई, मी धावलो ना, ते बैलगाडी निघून गेल्यावर धावलो. पण टीव्हीत मी गाडीच्या मागेच दिसणार.” स्वतः कसा धावला, हे त्याने एकदाही सांगितले नाही.

तेव्हापासून मी सचिन यांच्याविषयी मिळेल ते वाचू आणि ऐकू लागले.

त्यांचे वडील शरद पिळगावकर हे चित्रपट काढणारे. घरात हा धंदा होता, हे आपण विसरू नये. आपल्या पोरांना तसे घर नाही. पण नुसत्या घराने भागत असते तर प्रत्येक निर्मात्याचा मुलगा दिग्दर्शक झाला असता. मला वाटते, त्या मुलाला माणसे चांगली भेटली, आणि त्याने ती नीट पाहिली. राजा परांजपे स्वतः काम करीत आणि दिग्दर्शनही करीत, हे त्याने पाच-सहाव्या वर्षी पाहिले. पुढे सचिन यांनी आपल्या पुष्कळ चित्रपटांत हेच दुहेरी काम केले. मग १९६७ साली हृषीकेश मुखर्जी यांचा ‘मझली दीदी’. शरच्चंद्रांच्या बंगाली कथेवरचा. आई वारलेला मुलगा सावत्र बहिणीच्या दारी येतो, तेथे त्याचे हाल होतात, आणि त्या घरची मधली जाऊ त्याला जीव लावते, अशी ती गोष्ट. मुलगा सचिन आणि मधली जाऊ मीनाकुमारी. सावत्रपण, जावाजावा, परक्या पोराची माया, सगळे आपल्या घरातले. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा.

उर्दूचे धडे आपण मीनाकुमारींकडे घेतले, असे सचिन स्वतः सांगत आले आहेत. एवढी मोठी नटी त्या पोराला अक्षरे का शिकवत बसली असेल? मीनाकुमारींनी स्वतः १९३९ साली ‘लेदरफेस’ नावाच्या चित्रपटात काम केले तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या होत्या. घर त्यांच्या कमाईवर चालायचे. शाळा अशी झालीच नाही. ज्या बाईचे बालपण स्टुडिओत गेले, तिने स्टुडिओत आलेल्या दुसऱ्या मुलाला शिकवायला घेतले. यात काय असेल ते असो, मी हे वाचले त्या दिवशी माझ्याकडून भाकरी करपली.

आपली नंदाही तशीच. मास्टर विनायक यांची मुलगी. वडील स्वतः नामांकित दिग्दर्शक, पण १९४७ साली ते वारले आणि घरावर आकाश कोसळले. पुढच्याच वर्षी ‘मंदिर’ चित्रपटात ‘बेबी नंदा’ दिसली. वय नऊच्या आसपास. ती मोठी नटी झाली, नाव काढले, भावंडांना सांभाळले. परंतु दिग्दर्शकाची मुलगी असून तिला कॅमेऱ्यामागे जाऊन बघत उभे राहण्याची उसंत कोणी दिली? पोट मागे लागलेले मूल थांबण्याच्या वेळात दमून झोपते. मला येथे मुलगा आणि मुलगी हा फरकही दिसतो. माझ्या मुलीला कोणी बोट दाखवून बोलावले असते, तर आमच्या घरच्यांनी “जाऊ दे” म्हटले असते का? मला नाही वाटत. आणि गेलीच असती, तर तिला कॅमेऱ्यामागून दोनदा हाकलल्यावर मीच तिसऱ्यांदा जाऊ दिले नसते.

असो. सचिन यांच्याकडे वळते. बाल नटाचा मोठा धोका म्हणजे वाढणे. आवाज फुटला, मिसरूड आले की लोकांना तो नकोसा होतो. सचिन यांना १९७५ साली ‘गीत गाता चल’मध्ये नायकाचे काम मिळाले, तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते. त्याच वर्षी ‘शोले’ आला. त्यातला तो इमामसाहेबांचा अहमद आठवतो ना? काम केवढेसे! पण त्या वेळी दुसऱ्या तुकडीच्या चित्रीकरणावर देखरेख करण्याचे काम अमजद खान आणि आपल्याकडे होते, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले आहे. ‘शोले’तली ती आगगाडीची मारामारी पनवेलच्या बाजूला घेतलेली, म्हणजे आपल्या शेजारीच. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. मला या गोष्टीची गंमत वाटते. काम लहान मिळाले म्हणून दुसरा मुलगा रुसून बसला असता. हा आपले काम संपवून दुसऱ्याचे काम कसे चालते ते बघत राहिला.

१९७९ साली ‘अष्टविनायक’ आला. वडिलांनी काढलेला, दिग्दर्शक राजदत्त, नायक सचिन, आणि वडिलांच्या कामात गवई वसंतराव देशपांडे. मंडळाच्या सहलीला आपण महडला वरदविनायकाला जातो, तेव्हा बसमध्ये त्या चित्रपटाचे गाणे झाल्याशिवाय बस सुटत नाही. आठ गणपतींत आपल्या खालापूर तालुक्याचा गणपती आहे, म्हणून आपण ते जरा मोठ्यानेच म्हणतो. तोपर्यंत सचिन दुसऱ्याच्या हाताखाली होते. मग १९८२ ला ‘माय बाप’, १९८४ ला ‘नवरी मिळे नवऱ्याला’, १९८७ ला ‘गंमत जंमत’, आणि १९८८ ला ‘अशी ही बनवाबनवी’. या शेवटच्याचे मी काय सांगावे? त्यातली वाक्ये आपण एकमेकींना पापड लाटताना म्हणून दाखवतो. त्याची मूळ गोष्ट ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटावरून घेतलेली, आणि तो चित्रपट होता हृषीकेश मुखर्जींचा. ज्या दिग्दर्शकापुढे हा मुलगा ‘मझली दीदी’त उभा राहिला, त्याचीच गोष्ट बावीस वर्षांनी त्याने आपल्या मराठीत अशी आणली की, ती वसंत सबनीसांच्या लेखणीतून आपलीच झाली.

पण माझा आवडता त्यांचा चित्रपट निराळा आहे. ‘आत्मविश्वास’, १९८९ चा. नीलकांती पाटेकर यांनी त्यात एका घरातल्या बाईचे काम केले आहे. जिला घरात कोणी मोजत नाही, अशी बाई. तो पाहताना मला वाटले, ज्या मुलाने लहानपणी बाकावर बसून मोठ्यांची तोंडे पाहिली असतील, त्यालाच स्वयंपाकघरातल्या बाईचे तोंड पाहायला सुचत असेल. माझी समजूत आहे, चुकीचीही असेल.

महेश कोठारे यांची वाट आणखी वेगळी. ते मधल्या काळात शिकले, वकील झाले, काही काळ वकिलीही केली. म्हणजे सिनेमा नाही चालला तर पोट भरण्याची सोय हातात ठेवली. त्यांनी ‘धुमधडाका’ काढला तेव्हा तिशी ओलांडली होती. शिक्षण सोडून मुलाला मुंबईला ऑडिशनला नेण्याच्या गोष्टी आपल्यात चालू आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. दर शनिवारी कर्जतहून अंधेरी, मध्ये दादरला गाडी बदलणे, रविवारी रात्री परत आणि सोमवारी मूल वर्गात झोपलेले. कोण म्हणते आहे, ते मी सांगत नाही.

आता कायद्याचे. मी सातवी झालेली बाई, मला कायदा काय कळणार, असे मला वाटत होते. पण माझ्या भाचीने तो मराठीतून समजावून दिला, आणि तो सोपा आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणे गुन्हा आहे. २०१६ साली दुरुस्ती होऊन सिनेमा, मालिका, जाहिरात अशा कामांना सवलत मिळाली, पण मोकळी नव्हे, अटी घालून. २०१७ च्या नियमांत त्या लिहिल्या आहेत. ज्या जिल्ह्यात काम असेल तेथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यायची, म्हणजे आपल्याकडे अलिबागहून. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. लागोपाठ सत्तावीस दिवसांपलीकडे नाही. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस नेमायचा. शाळा बुडता कामा नये, ती सोय निर्मात्याने करायची. मुलाच्या मनाविरुद्ध काम करवून घ्यायचे नाही. आणि मुलाच्या कमाईतले निदान वीस टक्के मुलाच्याच नावाने बँकेत ठेव म्हणून ठेवायचे. भाचीने हे वाचले तेव्हा मी बोटांवर मोजू लागले. आमच्या बाबतीत यातले एकही झाले नव्हते. आणि दोष त्या माणसाला देऊन मी मोकळी होत नाही. नऊ वाजेपर्यंत आंब्याखाली बसून राहणारी मीच होते. मुलाला उचलून घरी आणायला मला कोणी अडवले नव्हते. मिळालेले निम्मे पैसेही मी किराण्याला खर्चले. ती रक्कम मी भिशीतून काढून आता त्याच्या नावाने पोस्टात भरली आहे.

म्हणून, बाई, मी तुला नंबर दिला नाही. तुझा मुलगा चांगला आहे, माझ्यापेक्षा देखणा मुलगा आहे तुझा. नंबर हवाच असेल तर भाषण झाल्यावर देते, पण अटींचा कागदही बरोबर देईन.

एवढ्यात एक गोष्ट घडली ती सांगून बसते. गेल्या आठवड्यात त्याच माणसाचा फोन आला. पुन्हा काम आहे, या वेळी दोन वाक्ये बोलायची आहेत, मुलाला घेऊन या. मी विचारले, अलिबागची परवानगी काढली आहे का? तो म्हणाला, एका दिवसाच्या कामाला परवानगी कसली? मी म्हटले, मग मागचे पैसे? तो म्हणाला, बघतो. धाकटा माझ्या शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारले, “काका, माझे काम झाल्यावर मला कॅमेऱ्यामागे बसू देणार का?” तिकडून हसण्याचा आवाज आला. तो म्हणाला, विचारून सांगतो.

अजून त्याचा फोन आलेला नाही. धाकटा शाळेतून आला की आधी तेच विचारतो. मधल्या वेळात त्याने चपलांच्या खोक्याला भोक पाडून त्यातून घरातल्या सगळ्यांना बघायला सुरुवात केली आहे. आत्याबाईंना त्याने काल तीनदा पुन्हा पुन्हा भाकरी थापायला लावली. कारण पहिल्या दोन्ही वेळा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, त्या खोक्याकडे बघत होत्या.